नऊ मिलिमीटरपासून पुढे : एका ज्युनिपरच्या खोडाच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२०

माप : ९.० मिमी.

झाड ज्युनिपर प्रोकम्बन्स नाना, बोन्सायसाठी घेतलेलं सूचिपर्णी बुटकं झुडूप, छाटकलमापासून वाढवलेलं. माझ्याकडे आलं तेव्हा खोड ८ मिमी होतं. दोन वर्षं मी ते उथळ ट्रेमध्ये ठेवलं, दर पंधरवड्याला शेंडे खुडले, हिरव्याचे गादीसारखे थर केले. फोटोत झाड सुरेख दिसतं. खोड मात्र पेन्सिलीएवढं. दोन वर्षांत एक मिलिमीटर.

परवा ज्यांच्याकडे बोन्साय शिकले ते काका येऊन गेले. झाड हातात घेऊन त्यांनी तळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हिरवं सारखं कापतेस आणि खोड मागतेस. द्यायचं कुठून त्यानं?" तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

साल आणि लाकूड यांच्या मधे कॅम्बियमचा एक पातळ जिवंत थर असतो. तो आतल्या बाजूला लाकूड बनवतो आणि बाहेरच्या बाजूला अन्न वाहून नेणाऱ्या पेशी. खोडाची जाडी म्हणजे या थरानं आत टाकलेलं लाकूड. त्यासाठी लागणारी साखर पानांत तयार होते. मी दर पंधरा दिवसांनी तोच कारखाना छाटत होते. छोट्या भांड्यातलं, खुडलेलं झाड जिवंत राहतं, आकारही टिकवतं, पण खोडात घालायला त्याच्याकडे उरतं फार थोडं. तयार बोन्सायला नेमकं तेच हवं असतं. माझं झाड तयार नव्हतं आणि मी त्याला तयार झाडासारखं वागवत होते.

ठरवलं आहे ते असं. पुढची पाच वर्षं हे बोन्साय नाही, नुसतं वाढणारं झाड आहे. तळाशी २५ मिमी हवेत. उंची खोडाच्या साधारण सहापट असावी असा ढोबळ हिशेब असतो, म्हणजे शेवटी झाड १५ सेमीच्या आसपास ठेवायचं.

मापाची जागा मातीपासून २ सेमी वर, जिथे तोडलेल्या फांदीची जुनी गाठ आहे तिच्या लगेच खाली. व्हर्नियरनं दोन काटकोनी दिशांनी मोजायचं आणि सरासरी लिहायची. आधी पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचं मनात होतं, पण ज्युनिपरची साल पापुद्र्यांनी सुटते, ठिपकाही तिच्यासोबत जाईल. गाठ कुठे जात नाही. सैल पापुद्रा बोटानं काढूनच व्हर्नियर लावायचा, नाहीतर अर्धा मिलिमीटर सालीचाच भरतो.

२३ फेब्रुवारी २०२०

कुंडी बदलली. आता झाड प्लास्टिकच्या चाळणीत आहे, व्यास २४ सेमी.

ट्रेमधून काढल्यावर मुळांचा गठ्ठा विटेसारखा निघाला. ज्युनिपरची सगळी जुनी माती एकदम धुऊन काढत नाहीत. मुळांसोबत राहणारी बुरशी आणि बारीक केसमुळं एका झटक्यात गेली तर झाड महिनोन्‌महिने हिरवं दिसत राहतं आणि आतून मरतं. ज्युनिपरचं हिरवं फार उशिरा खरं सांगतं. म्हणून गठ्ठ्याचा अर्धाच भाग काडीनं मोकळा केला आणि जुनी माती काढून नवं मिश्रण भरलं. उरलेला अर्धा पुढच्या वेळी.

एक मूळ खोडाभोवती पूर्ण वेढा घालून बसलं होतं. ते कापलं. तसंच राहिलं असतं तर खोड जाड होताना त्यानं गळा आवळला असता. बाकीची मुळं चारी बाजूंना चाकाच्या आऱ्यांसारखी पसरली. खोडाइतकाच तळाचा पसाराही जाड व्हायला हवा, आणि मुळं आडवी धावली तरच तो होतो.

मिश्रणात प्यूमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), लाव्हाचे खडे आणि थोडी कुजलेली साल आहे, सगळं ३ ते ६ मिमीच्या चाळणीतलं. बारीक धूळ चाळून टाकली, कारण तीच खाली बसून पाणी अडवते.

चाळणी अशासाठी की भोकाशी पोचलेल्या मुळाचं टोक हवेत सुकतं आणि मागून त्याला नव्या उपशाखा फुटतात. साध्या कुंडीत तेच मूळ भिंतीला टेकून गोल गोल फिरत बसतं.

गठ्ठा तारेनं चाळणीला घट्ट बांधला, खोडाला मात्र आधार दिला नाही. मुळं हलता कामा नयेत, खोड हललं पाहिजे. वाऱ्यानं वा स्पर्शानं सतत हलणारी रोपं बुटकी राहतात, आणि बऱ्याच झाडांत खोड जाड होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ जॅफे यांनी १९७३ मध्ये याला थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं नाव दिलं. काठीला करकचून बांधलेली रोपं शेळपट का राहतात, हे त्यावरून कळतं.

हिरवा कोंब आज एकही कापला नाही. मुळं आणि हिरवं दोन्ही एका हंगामात नाही, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

१९ एप्रिल २०२०

शेंड्यांना पोपटी टोकं आली. मुळं चालू लागल्याची हीच पहिली खूण. आजपासून खत : सेंद्रिय गोळ्या महिन्यातून एकदा, पातळ द्रव खत पंधरवड्याला. झाड पूर्ण उन्हात.

१४ जून २०२०

आता झाडाला आकार उरलेला नाही. दोन वर्षं जपलेले थर विस्कटले, चहूकडे दोऱ्यासारखे शेंडे बाहेर आले. कैची दोनदा हातात घेतली आणि दोनदा ठेवून दिली. शेवटी ती कपाटाच्या वरच्या खणात टाकली. कापलेल्या प्रत्येक शेंड्यामागे नंतरची किती टोकं जातात हे कळतं, पण हाताला सवय लागलेली असते.

नीट निरखून फांद्यांची वाटणी केली. ठेवायच्या दोन : खालची डावी आणि तिच्या थोडी वर उजवी. पुढे झाडाचं रूप याच दोघींतून होणार, म्हणून त्या आटोपशीर ठेवायच्या. वाढू द्यायच्या दोन : शेंडा, आणि अगदी तळाशी मागच्या बाजूला निघालेली एक फांदी.

बोन्सायवाले अशा फांदीला सॅक्रिफाइस ब्रँच म्हणतात. मी नोंदींत ‘राबती फांदी’ लिहिणार आहे. ती हिरवं बनवते आणि तिच्या खालचं खोड ते खातं. खालचंच, हे महत्त्वाचं. फांदी जिथे खोडाला मिळते त्याच्या वर तिचा उपयोग जवळपास शून्य. म्हणून एक राबती फांदी अगदी तळाशी हवी, तरच खोड खाली जाड आणि वर निमुळतं होईल. नुसता शेंडा वाढवला तर खालपासून वरपर्यंत सारखंच जाड, नळीसारखं खोड मिळतं.

शेंडा एका काठीच्या आधारानं उभा केला, गाठ सैल, फक्त वरच्या टोकाला. प्रोकम्बन्स जमिनीलगत पसरणारी जात आहे. आडवी सोडलेली फांदी हळू वाढते, उभी केलेली जोरात.

८ नोव्हेंबर २०२०

माप : १०.५ मिमी. पहिलं वर्ष बरंचसं मुळं सावरण्यात गेलं, तरी मागच्या दोन वर्षांपेक्षा जास्त वाढ झाली.

आज खोडाला वळण दिलं. ही वेळ टाळली असती तर पुन्हा आली नसती. १० मिमीचं ज्युनिपर हातानं वळतं, २० मिमीचं वळवायचं म्हणजे यंत्रं आणि पोटात गोळा. सरळ खोड जाड केलं की जाड सरळ खोड मिळतं. म्हणून वळण आधी, जाडी नंतर.

ओला रॅफिया (ताडाच्या पानांच्या चिवट पट्ट्या) घट्ट गुंडाळला, त्यावर ४ मिमीची ॲल्युमिनियमची तार साधारण ४५ अंशांत. वाकवायच्या फांदीच्या एक तृतीयांश जाडीची तार घ्यावी असं म्हणतात. खोडाला थोडा पीळ देऊन मग दोन वळणं दिली, पहिलं मातीपासून ३ सेमीवर, दुसरं त्याच्या वर उलट्या दिशेला आणि जरा मागे झुकलेलं. दुसऱ्या वळणाला ‘टक्’ असा बारीक आवाज आला. तिथेच थांबले. अंगठा सोडला नाही, रॅफियाचा आणखी एक थर दिला. बाहेरच्या अंगाचे तंतू थोडे तुटले असणार. रस वाहणारी बाकी बाजू शाबूत असेल तर असा तडा भरून येतो आणि भरताना तिथे लाकूडही जास्त येतं.

११ जुलै २०२१

तार काढली. मे महिन्यात ती नुसती टेकलेली दिसत होती, आज तीन ठिकाणी सालीत रुतली आहे. वाढीच्या दिवसांत तारेकडे दर आठवड्याला पाहायला हवं होतं, माझे पाच आठवडे गेले. उलटी उलगडत बसले नाही, कटरनं तुकडे करून एकेक काढला.

रुतलेल्या तारेबद्दल दोन मतं आहेत. लहान ज्युनिपर वाढवणारे काही जण तार मुद्दाम रुतू देतात. तिच्या भोवती लाकूड फुगतं, पिळलेल्या दोरखंडासारखं खोड तयार होतं आणि लवकर म्हातारं दिसतं. चांगल्या हातांनी केलेली तशी झाडं मला आवडतात. पण तिथे पीळ आणि तार एकाच दिशेनं जाणारे असतात, जखमेची रेघ आकारात मिसळून जाते. माझ्या झाडावरचे व्रण आडवे आहेत आणि समोर आहेत. जाडी वाढेल तसे ते विरतील अशी आशा आहे.

तडा गेलेली जागा भरली आहे.

१४ नोव्हेंबर २०२१

माप : १३.५ मिमी. वर्षात ३ मिमी. शेंडा ५५ सेमी लांब.

२० फेब्रुवारी २०२२

मुळांनी चाळणीची भोकं भरली. पाणी घातलं की वरच साचून राहतं.

जमीन असती तर झाड थेट जमिनीत लावलं असतं. खोड जाड करायला त्याहून वेगवान काही नाही. पण जमीन नाही, म्हणून पुढचा पर्याय घेतला : चाळणी तशीच उचलून ४० सेमी रुंदीच्या मोठ्या भांड्यात, तेच मिश्रण भरून, दोन तृतीयांश बुडवली. आतल्या मुळांना हात लावला नाही. आता मुळं भोकांतून बाहेर जातील, मोठ्या भांड्यात मोकळी धावतील आणि झाडाला जमिनीत असल्यासारखं वाटेल. काम संपलं की बाहेरची मुळं चाळणीलगत कापायची. आत बारीक मुळांचा दाट गठ्ठा तयारच असेल, तोच पुढे बोन्सायच्या कुंडीत जाईल.

थेट मोठ्या कुंडीत का नाही लावलं? छोटं झाड आणि भलीमोठी ओली कुंडी हे ज्युनिपरला मानवत नाही. मुळं पोचलेली नसतात तिथलं पाणी वापरलं जात नाही, मिश्रण दिवसेंदिवस ओलं राहतं आणि मूळकूज होते. पायरी पायरीनं जागा वाढवलेली बरी.

२२ मे २०२२

गेले आठ दिवस हिरवं मळकट वाटत होतं, जणू वर धूळ बसली आहे. फांदीखाली पांढरा कागद धरून दोनदा टिचकी मारली. कागदावर बारीक ठिपके पडले आणि त्यांतले काही चालू लागले. बोटानं पुसले तर तपकिरी रेघ उठली. कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड. कोरड्या उन्हाळ्यात, दाट झालेल्या हिरव्यात, वारा पोचत नाही तिथे ते हमखास होतात.

तीन दिवसांआड सकाळी पाण्याचा जोरदार फवारा, मुख्यतः खालून वर. तीन आठवडे न चुकता. तूर्त औषध नाही. मळकटलेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, नवी येतात तेव्हाच झाड सावरल्याचं दिसतं. दर रविवारी कागदाची चाचणी करायची, असं वहीत लिहिलं.

१८ सप्टेंबर २०२२

डावी फांदी गेली.

आजची नोंद लिहायला जड जातं आहे. मागची राबती फांदी या उन्हाळ्यात एवढी फोफावली की डावीवर तिची दाट सावली पडली. मी वर शेंड्याकडे बघत राहिले. झाड जोमात आहे म्हणून खूश होते. आज मागची बाजूला सारून पाहिलं तर डावीचं आतलं सगळं तपकिरी, टोकाशी फक्त दोन-चार हिरवे झुपके. तेही फिके.

पानझडी झाडात उघड्या लाकडावर पुन्हा कोंब फुटण्याची आशा असते. ज्युनिपरच्या उघड्या जुन्या लाकडावर ती धरता येत नाही. जिथे हिरवं आहे तिथूनच हिरवं येतं. म्हणजे टोकाचे झुपके जगले तरी त्यांच्या आणि खोडाच्या मधे नुसती काठी राहणार. झाडाची पहिली फांदी म्हणून तिचा उपयोग संपला.

चूक राबती फांदी ठेवण्यात नव्हती, तिच्या मांडणीत होती. आज मागच्या फांदीचा बुंध्यापासून २५ सेमीपर्यंतचा भाग साफ केला, सगळ्या उपफांद्या काढल्या. आता तिला लांब उघडी मान आहे आणि हिरवा झुबका झाडापासून दूर, टोकाला. शेंड्याचंही तसंच केलं, खालची पंधरा सेमी मान मोकळी. हिरवं कुठे आहे यानं जाडीला फरक पडत नाही, पुरेसं हिरवं त्या फांदीवर आहे एवढंच खोडाला लागतं. हे दोन वर्षांपूर्वी करायला हवं होतं.

उजवीवर आता सकाळपासून ऊन आहे. सगळी भिस्त तिच्यावर.

२० नोव्हेंबर २०२२

माप : १७.२ मिमी. वर्षात ३.७. आतापर्यंतची सगळ्यात मोठी उडी, आणि ती मोठ्या भांड्यात मुळं मोकळी झाल्याच्या वर्षी.

डावी फांदी पूर्ण वाळली. तिच्या खाली खोडावर एक अरुंद पट्टा खोलगट झाला आहे, मुळापर्यंत. नखानं खरवडलं तर खाली हिरवं नाही. ज्युनिपरमध्ये अमुक फांदी आणि अमुक मूळ यांची जणू जोडी असते, दोन्हींना जोडणारी एक जिवंत शीर खोडावरून जाते. फांदी गेली की तिची शीर उपाशी राहते. जुन्या ज्युनिपरवर पांढरं सुकं लाकूड आणि तपकिरी जिवंत शिरा शेजारी शेजारी दिसतात, त्यामागे हीच रचना आहे. पट्टा समोरून थोडा डावीकडे आहे. तो भरणार नाही, त्याची शारी, म्हणजे खोडावरचा साल नसलेला सुक्या लाकडाचा पट्टा, होईल. शेजारची जिवंत शीर फुगेल तसं खोड गाठाळ दिसेल. मी स्वतः या वयात शारी कधीच कोरली नसती, कारण जिवंत घेर कमी केला की जाडी मंदावते. आता आहे ती स्वीकारायची.

फांद्या आणि खोड यांच्या हिशेबाबद्दल जुनं निरीक्षण आहे. लिओनार्दो दा विंचीनं आपल्या वह्यांत लिहिलं होतं की कुठल्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खालच्या खोडाएवढी भरते. १९६४ मध्ये शिनोझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानात हेच नळ्यांच्या रूपात मांडलं : पानांच्या प्रत्येक हिस्स्यामागे पाणी नेणाऱ्या नळ्यांचा ठरावीक हिस्सा लागतो, आणि खोड म्हणजे त्या नळ्यांची मोळी. पानं वाढली की मोळीत नळ्या वाढतात. पानं काढली तर जुन्या नळ्या आत लाकूड म्हणून राहतात. म्हणूनच राबती फांदी कापल्यावर मिळवलेली जाडी परत जात नाही. हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. वाढ उसनी नाही, कायमची आहे.

१२ फेब्रुवारी २०२३

पहिल्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला एकाच जागेतून तीन फांद्या निघाल्या होत्या. तिन्ही राखल्या होत्या, जितकं हिरवं तितकं बरं म्हणून. आज बोट फिरवलं तर तिथे गोळा येतो आहे, वरचा भाग खालच्यापेक्षा जाड. खोड खाली बारीक आणि वर जाड झालं की ते सुधारायला वर्षं जातात. तिन्हींतल्या दोन आज कापल्या, तिसरी पुढच्या वर्षी. तिन्ही एकदम काढल्या तर त्या अंगाची शीरच जाईल, आणि डावीचा अनुभव ताजा आहे.

१९ नोव्हेंबर २०२३

माप : २०.८ मिमी. वर्षात ३.६.

आकडा पाहून आधी मन खट्टू झालं. शेंडा एक मीटरच्या वर गेला, मागची फांदी अंगठ्याएवढी झाली, हिरवं जवळपास दुप्पट, आणि वाढ गेल्या वर्षापेक्षा किंचित कमीच. खत चुकलं का, ऊन कमी पडलं का, असं बराच वेळ चाललं. मग व्यास बाजूला ठेवून छेदाचं क्षेत्रफळ काढलं.

२०२० : ८७ चौ. मिमी
२०२१ : १४३
२०२२ : २३२
२०२३ : ३४०

२०२२ मध्ये झाडानं ८९ चौ. मिमी लाकूड घातलं, यंदा १०८. झाड मंदावलेलं नाही, उलट जास्त राबलं आहे. घेर मोठा झाला की तेवढंच लाकूड मोठ्या वर्तुळावर पसरतं आणि पातळ बसतं. १० मिमीचं खोड १२ करायला सुमारे ३५ चौ. मिमी लाकूड पुरतं, ३० चं ३२ करायला ९७ लागतं. तेच दोन मिलिमीटर, जवळजवळ तिप्पट काम.

व्यास दरवर्षी सारखा वाढायला हवा असेल तर हिरवंही दरवर्षी वाढत जायला हवं. लहान भांड्यात हिरवं एका मर्यादेला थांबतं, म्हणून तिथे जाडीही थांबल्यासारखी होते. आता वहीत दोन रकाने आहेत, व्यास आणि क्षेत्रफळ.

१७ मार्च २०२४

वळणावरची तिसरी फांदी काढली. गोळा जागीच थांबला आहे, त्याच्या खालचा भाग त्याला गाठतो आहे.

उजवीचं आतलं हिरवं दाट आहे. तिचे फक्त लांबलेले शेंडे मागच्या उपशाखेपर्यंत कैचीनं कापले. बोटांनी खुडायचं मी सोडून दिलं आहे. सतत खुडलं की टोकं तपकिरी पडतात आणि वाढीची ताकद तिथेच संपते.

२४ नोव्हेंबर २०२४

माप : २३.६ मिमी. क्षेत्रफळ ४३७, यंदाची भर ९७.

२५ झाले नाहीत. वरची माती ब्रशनं बाजूला केली तर खाली मुळांचा पसारा ३४ मिमी रुंद लागला, मातीआड लपलेला. तो उघडा झाला की खोड आहे त्याहून दणकट दिसेल.

आणखी दोन वर्षं वाढवायचं का, यावर आठवडाभर विचार केला. काका म्हणतात, "वाढव अजून, घाई कशाची?" त्यांचं बरोबर आहे. राबती फांदी कापली की जाडी जवळपास थांबते आणि मग पुन्हा मागता येत नाही. पण वळणांचा बाक बुजायला लागला आहे. आतल्या बाजूला लाकूड भरत गेलं की तीक्ष्ण वळण गोलसर होतं, आणि अजून ५ मिमी वाढलं तर दुसरं वळण जवळपास दिसणारच नाही. १५ सेमीच्या झाडाला २४ मिमी पुरतात. शेंडा कापायचा, मागची तळाची फांदी अजून एक-दोन वर्षं राबू द्यायची. तिनं तळ वाढत राहील, वरची वळणं आहेत तशी राहतील.

२ मार्च २०२५

शेंड्याचा टोकाकडचा अर्धा झुबका काढला, बाकी तसाच. एकदम सगळा कापला तर त्याच्या शिरेवरचं मूळ उपाशी पडेल. यंदाचं वर्ष हिरव्याचं, मुळांना हात नाही.

१५ जून २०२५

शेंडा कापला. पाच वर्षं ज्याच्या वाटेला गेले नाही त्याला आज करवत लावली.

१७ सेमीवर कापून खालचा तुकडा जिनसाठी, म्हणजे साल काढलेल्या सुक्या टोकासाठी, ठेवला. हे ज्युनिपरचं मोठं देणं आहे. पानझडी झाडात एवढी जाड फांदी कापली की जखम भरायची वाट पाहावी लागते. इथे तोच तुकडा सुकं लाकूड होऊन झाडाचा भाग बनतो. वाढीच्या दिवसांत साल सहज सुटते. टोकाला चीर देऊन पक्कडीनं धरली आणि ओढली, सापाच्या कातेसारखी निघाली. जिवंत फांदीच्या जरा वर थांबले. लाकूड नीट वाळल्यावर, दोन-तीन महिन्यांनी, लाइम सल्फर (सुकं लाकूड टिकवणारं, पांढरं करणारं द्रावण) लावेन, डाव्या बाजूच्या शारीलाही त्याच वेळी.

कापलेल्या तुकड्याचा छेद बारीक सँडपेपरनं घासला आणि ओला करून भिंगाखाली धरला. मधोमध, गराला लागून, दोन कडी एकमेकींना इतकी चिकटलेली की सुईच्या टोकानंच वेगळी दाखवता यावीत. २०१८ आणि २०१९. ट्रेमधली, दर पंधरवड्याला खुडलेली दोन वर्षं. तिसरं जरा सुटं. मग एकदम रुंद, २०२२ चं सगळ्यात रुंद. वहीतल्या आकड्यांशी ओळीनं जुळत गेलं. छेद पूर्ण गोल नाही, एका बाजूला कडी जाड आहेत, दुसरीकडे दाबलेली. झाडानं माझ्या आधीपासून ही नोंद ठेवली होती, आणि ती माझ्यापेक्षा अचूक आहे. चकती वहीत दोऱ्यानं बांधून ठेवली.

२३ नोव्हेंबर २०२५

माप : २४.४ मिमी. फक्त ०.८ ची भर, तीही सगळी मागच्या फांदीची. अपेक्षेप्रमाणे.

शेंडा गेल्यावर वरून ऊन येतं आणि उजवीच्या आतल्या, खोडाजवळच्या उपशाखांवर बारीक हिरवी टोकं आली आहेत, मोजली तर अकरा. नवा शेंडा तिच्या वरच्या उपशाखेतून घ्यायचा, तिला बारीक तार लावली. जिनला लाइम सल्फर लावून झालं, वाळल्यावर पांढरं पडलं.

फेब्रुवारी २०२६ मध्ये मोठं भांडं सोडवायचं. चाळणीबाहेरची मुळं निम्मी कापायची, निम्मी पुढच्या वर्षी. त्या वर्षी कैचीला सुट्टी.